खोली द्या, मग आठवणी काढा

चाळिशी ओलांडलेल्या तमाम ग्रीन डे-भक्तांना या आठवड्यात तोंडावरच सांगायचं ठरवलं आहे: 'डूकी' तुमच्या मालकीचा नाही. ग्रीन डे या अमेरिकी पंक बँडचा हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ ला आला तेव्हा तुमचं मिसरूड फुटत होतं, मान्य. केबलवर त्याचे व्हिडिओ लागले की आईच्या चौथ्या हाकेलाही तुम्ही टीव्हीसमोरून उठत नव्हतात, तेही मान्य. म्हणून काय सातबारा तुमच्या नावावर झाला? ऐकणाऱ्याचं वय वाढतं, अल्बमचं वाढत नाही. आज जो पंधरा वर्षांचा आहे, त्याचा 'डूकी'वर पहिला हक्क आहे. आणि तुम्ही 'आमच्या काळी' असं म्हणत त्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये उभे आहात. बाजूला व्हा.

मी हे चिडून लिहितोय, कारण या अल्बमवर माझा जीव आहे. तीस वर्षं उलटली म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला हार घालून भिंतीवर टांगायचं काम चालवलंय. हार तसबिरीला घालतात. 'डूकी' अजून धडधाकट आहे. तो कशाच्या बळावर टिकला, आणि तसा दुसरा जन्माला यावा असं वाटत असेल तर आपण काय करायला हवं, या दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

एकवीस वर्षांची तीन पोरं

गाणारा आणि गिटार वाजवणारा बिली जो आर्मस्ट्राँग, बेसवर माइक डर्न्ट, ड्रमवर ट्रे कूल. तिघांचा जन्म १९७२ चा. अल्बम दुकानात आला त्या दिवशी तिघेही २१ वर्षांचे होते. बिली जो कॅलिफोर्नियातल्या रोडिओचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठचं, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारचं हे गाव. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. पोरगा दहा वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, ते कर्करोगाने गेले. आई वेट्रेस. माइक शाळेपासूनचा मित्र. अठरावं लागायच्या आतच बिली जोने शाळेला रामराम ठोकला.

त्याची निळी गिटार एकदा नीट बघा. फर्नांडिस या जपानी कंपनीची, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, लहानपणी आईने घेऊन दिलेली. तिचं नावच 'ब्लू'. अंगभर स्टिकर, कडेचा रंग खरवडून गेलेला. तारांची थरथर टिपणारा ब्रिजजवळचा मूळचा पिकअप काढून तिथे हंबकर हा वेगळ्या जातीचा पिकअप बसवलेला. या एका बदलाने गिटारचा स्वभावच पालटतो. मूळ पिकअपचा आवाज बारीक आणि किणकिणता. हंबकरचा आवाज जाड, भरीव, अंगावर येणारा. तळहाताची कड तारांवर दाबून वाजवलं की तो दबकून गुरगुरतो, हात उचलला की सुटतो. 'डूकी'तली निम्मी नाट्यमयता या दबण्या-सुटण्यात आहे. महागड्या वाद्यांनी भरलेल्या घरातून हा आवाज आलेला नाही. जे हाताशी होतं ते ठोकून-ठाकून आपल्या गरजेचं करून घेतलेल्या पोराचा हा आवाज आहे, आणि ऐकणाऱ्या पोराला तो लगेच ओळखू येतो.

कंटाळ्याची बाजू

तारुण्य म्हटलं की आपल्या लेखकांना पाऊस, बाईक आणि पहिलं प्रेम आठवतं. तरुणांना विचारा. त्यांचं बरंचसं तारुण्य कंटाळ्यात जातं. दुपार सरत नाही, खिशात पैसा नाही, कुणी बोलावत नाही, आणि घरातले येता-जाता 'नुसता लोळत असतो' म्हणून ऐकवतात. या दुपारीवर गाणं कुणी लिहायचं?

'डूकी'तल्या 'लाँगव्ह्यू'ने लिहिलं. सोफा, टीव्ही, बेकारी, उठायचा कंटाळा आणि एकट्या पोराचे एकांतातले उद्योग, सगळं न लाजता. पण खरी करामत बांधणीत आहे. ट्रे कूलचे ड्रम डुलत डुलत सुरू होतात. त्यावर माइकचा बेस आळोखेपिळोखे देत फिरतो. कडव्यात गिटार जवळपास नसतेच. बिली जोचा अनुनासिक आवाज रिकाम्या जागेत लोळत राहतो. आणि ध्रुवपद आलं की गिटार धाडकन कोसळते, दबून राहिलेला सगळा संताप एकदम वर येतो. तो ओसरतो, की पुन्हा तोच बेस, तोच सोफा. कंटाळ्याचं असं अचूक स्वरचित्र मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. व्हिडिओही त्यांच्याच राहत्या तळघरात चित्रित झाला. शेवटी बिली जो तो सोफा फाडून त्याचा कापूस उडवतो.

हे गाणं पोराला 'ऊठ, कामाला लाग' असं सांगत नाही. 'डूकी'तल्या एकाही गाण्यात उपदेश नाही. म्हणून तर उपदेशाने कान किटलेली पोरं तिथे येऊन बसतात.

छातीतली धडधड

'डूकी'तल्याच 'बास्केट केस'वर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ते कशाबद्दल आहे हे ठाऊक असतं? ते भीतीच्या झटक्यांबद्दल आहे. अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, आपण वेडे होतोय असं वाटतं. बिली जोला हे होत होतं आणि कशामुळे होतंय ते त्याला कळत नव्हतं. या विकाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, हे त्याला डॉक्टरांकडून काही वर्षांनी समजलं. निदानाच्या आधी गाणं आलं.

सुरुवात आठवा. फक्त आवाज आणि दाबलेली गिटार. ड्रम बराच वेळ थांबून येतात आणि एकदा आले की मागे वळून बघत नाहीत. गाणं पळत सुटतं, कारण घाबरलेलं मन तसंच पळतं. तीन मिनिटांत खेळ खलास. एवढ्या अवघड गोष्टीला इतकी गुणगुणण्याजोगी चाल लावली, की कोट्यवधी पोरांनी आपली भीती मोठ्याने, चारचौघांत, हसत गायली. आपल्याकडे आजही पोराने 'घाबरायला होतं' म्हटलं की 'काही नाही, मोबाइल कमी कर' असं उत्तर मिळतं. त्या पोराने हे गाणं डोक्यावर घेतलं तर त्याच्यावर डाफरू नका. त्याचं ऐकून घेणारं दुसरं कुणी भेटलं नसेल.

याच अल्बमात 'कमिंग क्लीन' नावाचं जेमतेम दीड मिनिटाचं गाणं आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याला मुलगेही आवडतात हे उमगतं, त्याचं. बिली जोने १९९५ मध्ये 'द ॲडव्होकेट' या नियतकालिकाला मुलाखत देऊन स्वतःबद्दल हे उघडपणे सांगितलं. १९९४ च्या दौऱ्यात आपल्या आधी वाजवायला त्यांनी पॅन्सी डिव्हिजन हा समलिंगी पुरुषांचा बँड बरोबर घेतला होता. शाळकरी पोरांनी भरलेल्या सभागृहांत, त्या काळात. हे धाडस अल्बमच्या खपाच्या आकड्यांपेक्षा मला मोठं वाटतं.

'तीनच तर कॉर्ड आहेत'

आता नाकाने कांदे सोलणाऱ्यांकडे वळू. 'यात संगीत कुठे आहे? तीन कॉर्ड आणि आरडाओरडा.' गेली पन्नास वर्षं हाच आक्षेप. न्यूयॉर्कच्या रमोन्सनी १९७६ मध्ये १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत बसवून पहिला अल्बम काढला तेव्हाही हेच म्हटलं गेलं.

उत्तर साधं आहे. 'बास्केट केस'च्या कडव्याची कॉर्डची साखळी घ्या आणि शेजारी योहान पाखेलबेलचा 'कॅनन' ठेवा. सतराव्या शतकातला हा जर्मन संगीतकार. त्याची ही रचना आजही लग्नसमारंभात वाजते. दोन्हींची चाल बरीच पावलं बरोबरीने पडते. जी स्वरांची उतरंड तीनशे वर्षं माणसाला गोड लागते, तीच या पोरांनी दसपट वेगाने पळवली. चाल सोपी असणं म्हणजे ती सहज सुचणं नव्हे. १४ गाणी आणि शेवटी लपवून ठेवलेलं एक, असा सगळा ऐवज जेमतेम चाळीस मिनिटांचा. त्यात एकही गाणं पाहुण्यासारखं रेंगाळत नाही.

आणि ध्वनिमुद्रणाची मेहनत बघा. बर्कलीतला फॅन्टसी स्टुडिओ, निर्माता रॉब कॅव्हॅलो, मिक्सिंगला जेरी फिन. हाच जेरी फिन पुढे ब्लिंक-१८२ च्या १९९९ मधल्या गाजलेल्या अल्बमचा निर्माता झाला. ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा, बेस गिटारखाली न दबलेला, आवाज पुढे. गराजमधल्या गोंगाटाची धग राखून तो इतका स्वच्छ करणं हे कसबी लोकांचं काम आहे. त्याला 'आरडाओरडा' म्हणणाऱ्याने एकदा हेडफोन लावून फक्त बेस ऐकावा.

ही खोली नसती तर

आता मुद्द्यावर येतो. तिशी साजरी करणाऱ्या बहुतेक लेखांत या अल्बमचं श्रेय प्रतिभेला दिलं जातं. प्रतिभा होतीच. पण प्रतिभेला वाजवायला जागा लागते.

बर्कलीत गिल्मन स्ट्रीटच्या ९२४ क्रमांकावर एक गोदामवजा जागा आहे. ३१ डिसेंबर १९८६ ला तिथे संगीताचा अड्डा सुरू झाला. नफ्यासाठी नाही. चालवणारे सगळे स्वयंसेवक. तिकीट स्वस्त. वयाची अट नाही. दारू नाही. वर्णद्वेष चालणार नाही, बायकांचा अपमान चालणार नाही, समलिंगींची हेटाळणी चालणार नाही, मारामारी चालणार नाही, असे नियम भिंतीवर ठळक रंगवलेले. दारावर तिकिटं फाडणारा, आवाज सांभाळणारा आणि कार्यक्रमानंतर झाडू मारणारा तोच, जो उद्या स्टेजवर असेल.

सोळा-सतरा वर्षांच्या बिली जोने आणि माइकने इथे आधी इतरांचं ऐकलं आणि मग स्वतः वाजवलं. ऑपरेशन आयव्हीसारखे बँड इथेच घडले. लुकआउट रेकॉर्ड्स ही त्याच परिसरातली छोटी कंपनी. तिने या पोरांचे पहिले दोन अल्बम काढले. 'डूकी'तलं 'वेलकम टू पॅरडाइज' त्यातल्याच दुसऱ्या अल्बमात आधी येऊन गेलेलं. घर सोडून ओकलंडच्या पडीक गोदामात राहायला गेलेल्या पोराची टरकलेली, मग रुळलेली गोष्ट त्यात आहे. 'डूकी'च्या मुखपृष्ठावरचं गजबजलेलं बर्कलीचं चित्रही याच गोतावळ्यातल्या रिची बुचरने काढलं. म्हणजे अल्बम आकाशातून पडला नाही. एका गावाने आपल्या पोरांना एक खोली दिली, तिथे बेसूर वाजवायची मुभा दिली, आणि काही वर्षांनी त्या खोलीतून हा आवाज बाहेर आला.

ही गोष्ट जन्मतारखा आणि खपाच्या आकड्यांच्या गर्दीत हरवू देऊ नका. तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

वाळीत टाकलेले

त्या खोलीचा आणखी एक नियम होता: मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला स्टेज नाही. ग्रीन डेने रिप्राइज या बड्या कंपनीशी करार केला आणि गिल्मनचं दार त्यांना बंद झालं. कालचे दोस्त 'विकले गेले' म्हणू लागले. बिली जोला मरण यावं, असं तिथल्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलं. १९९५ च्या पुढच्याच अल्बमात 'एटी-सिक्स' या गाण्यातून ही जखम भळभळली. त्यांचं नाव पुन्हा गिल्मनच्या स्टेजवर लागलं ते थेट मे २०१५ मध्ये, आगीत होरपळलेल्या एका पुस्तक प्रकाशन संस्थेच्या मदतीसाठी.

'विकले गेले' हा आरोप मला कधीच पटलेला नाही. रोडिओतल्या पोराला गिल्मन बसने गाठता येत होतं. नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावच्या पोराने काय करायचं? त्याच्यापर्यंत हा आवाज बड्या कंपनीच्या कॅसेटनेच आला. पण गिल्मननेही आपला नियम मोडला नाही, याबद्दल मला तितकाच आदर आहे. आपल्या सर्वांत यशस्वी पोरांसाठीसुद्धा दार बंद ठेवलं, म्हणून कंपन्यांचे दलाल तिथे तळ ठोकून बसले नाहीत आणि खोली पुढच्या पोरांसाठी मोकळी राहिली. ती आजही चालू आहे. दोघांनीही आपापली किंमत मोजली. फुकटात शुद्ध राहणाऱ्यांनी यात तोंड घालू नये.

चिखलातला पुरावा

१४ ऑगस्ट १९९४. न्यूयॉर्क राज्यातलं सॉगर्टीज. वुडस्टॉकच्या पंचविशीचा मोठा महोत्सव, पावसाने मैदानाचा चिखल झालेला. ग्रीन डे वाजवत असताना प्रेक्षकांनी स्टेजवर चिखलाचे गोळे फेकायला सुरुवात केली. बिली जोने गिटार सोडून तेच गोळे परत फेकले. माणसं स्टेजवर चढली. त्या झटापटीत सुरक्षारक्षकाला माइक डर्न्ट प्रेक्षकच वाटला; त्याने त्याला आडवा केला आणि माइकचे दात मोडले.

हा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात या अल्बमच्या लोकप्रियतेचं कारण दिसतं. पगारी रक्षकालाही वाजवणारा कोण आणि ऐकणारा कोण हे ओळखता आलं नाही. कपडे तेच, वय तेच, चिखल तोच. त्या दिवशी त्याचं प्रक्षेपण पाहणाऱ्या प्रत्येक पोराला वाटलं, हे तर आपल्यातलेच आहेत, आपल्यालाही जमेल. अमेरिकेत त्यानंतर 'डूकी' जो उसळला तो १९९९ पर्यंत एक कोटीच्या पार गेला. १९९५ चं ग्रॅमीही मिळालं. 'आपल्यालाही जमेल' ही भावना जो अल्बम देतो त्याला म्हातारपण येत नाही.

आठवणींचा बाजार

आणि आपण या भावनेचं काय केलं? दुकान मांडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्बमच्या तिशीनिमित्त 'डूकी डीमास्टर्ड' निघाला. प्रत्येक गाणं एकेका जुन्या-पुराण्या वस्तूवर: कुठे फ्लॉपी डिस्क, कुठे गेम बॉयचं कार्ट्रिज, कुठे मेणाची नळी, एक गाणं चक्क टूथब्रशवर, आणि 'बास्केट केस' भिंतीवर लटकून तोंड हलवणाऱ्या प्लास्टिकच्या माशातून. मोजक्या प्रती, त्यावर संग्राहकांच्या उड्या. कारागिरी लाजवाब होती, शंका नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरासाठी त्यात काय होतं? त्याला मासा नको आहे. त्याला उसनी का होईना, एक गिटार हवी आहे आणि ती लावायला एक ॲम्प.

लास व्हेगासला २०२२ मध्ये 'व्हेन वी वेअर यंग' नावाचा महोत्सव सुरू झाला. २०२३ ला त्याच्या अग्रभागी ग्रीन डे आणि ब्लिंक-१८२ होते. नावापासूनच सगळा कारभार भूतकाळाचा. लोक मनापासून जातात, रडतात, गातात. त्यांचा आनंद मी हिरावून घेणार नाही. पण ज्या संगीताने 'आत्ता' हा एकच काळ मानला, त्याला 'तेव्हा'मध्ये कोंडणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०२४ मध्ये 'डूकी' राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जतन करायला घेतला, ते योग्यच झालं. जतन ग्रंथालयाने करावं. आपलं काम ते पुढे देण्याचं आहे.

ग्रंथालयातल्या पोरी

पुढे कसं देतात, त्याचा धडाही ग्रंथालयातूनच आला. मे २०२१. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा. पुस्तकांच्या मांडण्यांसमोर चार मुली: द लिंडा लिंडाज. ड्रमवरची मिला अवघी दहा वर्षांची. शाळेतल्या एका मुलाने तिला वंशावरून हिणवलं होतं. त्या रागाचं त्यांनी गाणं केलं आणि तिथे, त्या कपाटांसमोर, कान फाटतील असं वाजवलं. त्याचा व्हिडिओ जगभर पोचला.

तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, ग्रीन डेचा अमेरिकेतला स्टेडियम दौरा निघाला. रोज रात्री 'डूकी' पहिल्यापासून शेवटपर्यंत. दौऱ्यात सोबत कोण? एकीकडे रॅन्सिड, ज्यांची मुळं गिल्मनमधल्या त्याच ऑपरेशन आयव्हीत. दुसरीकडे या लिंडा लिंडाज. पन्नाशी ओलांडलेल्या बिली जोने आठवणींच्या दौऱ्यातही स्टेजचा एक तुकडा पोरींना मोकळा करून दिला. जुनं गाणं गाऊन तरुण व्हायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आणि मुली ग्रंथालयात वाजवू शकल्या, कारण ग्रंथालय कुणाचंही असतं. तिथे दारू विकावी लागत नाही आणि तिकीटही फाडावं लागत नाही.

रंगभवन ते रेसकोर्स

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे मुंबईत आले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, लोलापलूझा महोत्सवात. भारतातला त्यांचा पहिलाच कार्यक्रम. तीस वर्षं वाट पाहिलेल्या पिढीच्या डोळ्यांचं पारणं फिटलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिकीट हजारांच्या घरात. गिल्मनमध्ये घडलेला आवाज ऐकायला मुंबईच्या कॉलेजकुमाराला महिन्याच्या पॉकेटमनीवर पाणी सोडावं लागलं, हे खटकलं पाहिजे.

याच मुंबईत धोबी तलावाला रंगभवन होतं. उघडं नाट्यगृह, झेव्हियर्स कॉलेजच्या शेजारी. १९८६ ला सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' तिथे वर्षानुवर्षं गाजला. कॉलेजातल्या पोरांनी तिथे आपले पहिले बँड ऐकले आणि काहींनी स्वतःचे काढले. मग शांतता क्षेत्राचे नियम आले: रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत गोंगाटाला मनाई. रंगभवनातलं रॉक बंद पडलं. शेजारच्या रुग्णाला झोप हवी, यात दुमत नाही. नियम रास्तच आहे. रास्त नव्हतं ते पुढचं. एक जागा काढून घेतली, तर दुसरी द्यायची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

मग पोरं वाजवतात कुठे? बारमध्ये. मुंबईत रायट पेडलर्स, लाइटइयर्स एक्सप्लोड यांसारखे अस्सल पंक बँड निघाले, त्यांच्यापुढेही वाट तीच होती. आणि महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला जे संगीत सोळाव्या वर्षीच ऐकायचं असतं, ते ऐकायला त्याने बारच्या दारात पाच वर्षं उभं राहायचं. 'डूकी' आला तेव्हा तिघे २१ चे होते. आपल्याकडचं पोर त्या वयात पहिल्यांदा आत शिरतं. तोवर त्याचा बँड व्हायचा तो राहून गेलेला असतो.

जागाच नाही, असं मला कुणी सांगू नये. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांना सरावाला मैदानं मिळतात, नदीकाठ मिळतो, वस्ती दोन महिने तो आवाज पोटात घालते. मिळालंच पाहिजे, त्या पथकांत शेकडो पोरं-पोरी ताल शिकतात. तीच माया गिटार घेतलेल्या चौघांना का नाही? शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलपात असतात. सोसायटीचा हॉल लग्न आणि सर्वसाधारण सभा सोडली तर रिकामा. वॉर्डातली समाजमंदिरं, व्यायामशाळांच्या गच्च्या, वाचनालयांच्या मागच्या खोल्या. महिन्यातून एक रविवार, दुपारी चार ते आठ. दारू नाही. प्रवेश पन्नास रुपये. चार नियम भिंतीवर रंगवा. दार पोरांनी सांभाळायचं, झाडूही त्यांनीच मारायचा, हिशेबाची वहीही त्यांनीच ठेवायची. मोठ्यांनी एकच करायचं: किल्ली द्यायची आणि आठ वाजता ती परत घ्यायला यायचं.

ग्रीन डेच्या तिकिटाला ज्यांनी हजारो रुपये मोजले, त्यांच्याकडे हे करायची ऐपत आहे. त्यांच्यातले कित्येक आज सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, शाळांच्या पालक संघात आहेत, मंडळांचे कार्यकर्ते आहेत. पुढच्या सभेत विषय मांडा. 'आवाज होईल' म्हणून पहिला हात वर करणाराही बहुधा 'डूकी' ऐकत वाढलेलाच असेल. त्याला तिथल्या तिथे त्याच्या पंधराव्या वर्षाची आठवण करून द्या आणि ठराव मंजूर करून घ्या. पोरं पहिलं वर्ष बेसूर वाजवतील. वाजवू द्या.